हार्डडिस्क, टेप की क्लाउड? वीस वर्षांचा खर्च एकदा मांडून बघू

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की डिस्क कपाटात टाकली म्हणून डेटा सांभाळला गेला असं होत नाही, वर्षातून एकदा तरी ती जोडून बघा. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, स्वस्तात काय पडतं. यावेळी त्यातली पाच घेतलीत. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच पाहिजे होतं.

प्रश्न : नमस्कार सर. कोल्हापुरात राजारामपुरीत माझा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे, २००३ पासून. लग्नं-मुंजी तर आहेतच, पण खासबागेतली कुस्ती मैदानं, जोतिबाची चैत्र यात्रा, दसरा चौकातलं सीमोल्लंघन असं बरंच शूट करून ठेवलंय. सगळं मिळून २७ हार्डडिस्क झाल्यात, कपाटात एकावर एक. विंडोजमध्ये बेरीज केली तर ३८ टीबी येतंय. मुलगा म्हणतो क्लाउडवर टाका, मित्र म्हणतो टेप घ्या, टेप सगळ्यात स्वस्त. वीस-पंचवीस वर्षं टिकलं पाहिजे. नेमकं स्वस्त काय ते सांगा. — एक स्टुडिओवाले, राजारामपुरी

उत्तर : खासबागेतली मैदानं कुणीतरी वीस वर्षं सलग शूट करून ठेवलीत हे वाचून लई बरं वाटलं, आणि ती सगळी एकेकाच डिस्कवर आहेत हे कळल्यावर तेवढीच धास्ती वाटली. बाबूराव पेंटरांनी याच गावात देशी कॅमेरा बनवून सिनेमे काढले, महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते सिनेमे आज बहुतेक उरलेलेच नाहीत. जपून ठेवावं असं त्यावेळी कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. तुमच्या डोक्यात आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचा आकडा दुरुस्त करू. विंडोज टीबी मोजतं १०२४ च्या पटीत आणि डिस्क-टेप विकणारे मोजतात १००० च्या पटीत, त्यामुळं तुमचे ३८ टीबी बाजारातल्या मापानं जवळपास ४२ टीबी होतात. फरक बारका वाटेल, पण २० टीबीच्या दोन डिस्क घेऊन घरी आलात तर कॉपी करताना शेवटी अडकणार, कारण २० च्या डिस्कवर विंडोजला १८.२ च दिसतात. आणि हिशेब कायम दोन कॉप्यांचा धरायचा. एका कॉपीचा हिशेब स्वस्त दिसतो खरा, पण ती डिस्क गेली की सगळंच गेलं, मग वाचवलेल्या पैशाचं करायचं काय?

आता हार्डडिस्क. मोठ्या, २०-२४ टीबीच्या चांगल्या डिस्कचा भाव मी हे लिहिताना इथं आणि पुण्यात विचारला तेव्हा टीबीमागे अडीच ते तीन हजार पडत होता. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केल्यापासून भाव चढेच आहेत, घेताना पुन्हा विचारून घ्या. दोन कॉप्या म्हणजे ८४ टीबी, सव्वादोन लाखांच्या आसपास. हा खर्च एकदाच झाला असता तर प्रश्नच मिटला असता, पण डिस्क पाच वर्षं चालवायची, फार तर सहा, मग नवीन घेऊन सगळं तिच्यावर घ्यायचं. वीस वर्षांत चार वेळा. बॅकब्लेझ म्हणून एक अमेरिकन कंपनी आहे, ती लाखो डिस्क चालवते आणि वर्षाला किती बंद पडल्या ते छापते, २०२३ मध्ये शंभराला १.७ आणि २०२४ मध्ये १.५७. हाच दर तुमच्या २७ डिस्कना लावला तरी सव्वादोन वर्षांत एक जाते, आणि तुमच्या तर त्यातल्या कित्येक दहा-पंधरा वर्षांच्या असणार, त्यांना हा दर लागूच होत नाही, त्याहून वाईट धरायचा.

"पुढच्या वेळी डिस्क स्वस्त झाल्या असतील" हे गृहीत धरू नका असं मी सगळ्यांना सांगतो. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडं दुकानात भाव बघता बघता जवळपास दुप्पट झाले होते. ज्यांची नेमकी त्या वर्षी बदलायची पाळी होती त्यांनी काय करायचं होतं?

टेप. मित्र खरं सांगतोय, पण अर्धं सांगतोय. एलटीओ म्हणून जी टेप असते ती तळहातावर मावेल एवढी चौकोनी डबी, आत अर्ध्या इंच रुंदीची एक किलोमीटरच्या वर लांब फीत. डबीत मोटर नाही, वाचणारं-लिहिणारं हेड नाही, ठेवून दिली की वीज लागत नाही, बिघडायचं ते सगळं ड्राईव्हमध्ये, म्हणजे डबी घालायच्या यंत्रात. नीट ठेवली तर ३० वर्षं टिकते असं बनवणारे सांगतात. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ च्या एका डबीवर १८ टीबी बसतात. खोक्यावर ४५ टीबी छापलेलं असतं त्याकडं बघू नका, तो आकडा डेटा दाबून बसवला तर येणारा आहे आणि व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तुमच्यासाठी १८ म्हणजे १८. डबी नऊ-दहा हजारांना मिळते, म्हणजे टीबीमागे पाचशे-साडेपाचशेच्या आसपास. डिस्कच्या पाचव्या हिश्श्यात! तुम्हाला एका कॉपीला तीन डब्या, दोन कॉप्यांना सहा, साठ हजारांच्या आत काम झालं.

पण त्या डबीत लिहायला ड्राईव्ह लागतो आणि तो साडेचार-पाच लाखांचा, वर कॉम्प्युटरमध्ये त्याचं कार्ड आणि केबल. इथं गणित फिरतं. दोन कॉप्या धरून एका टीबीवर टेपमुळं साडेचार हजार वाचतात असं म्हटलं तर पाच लाखांचा ड्राईव्ह वसूल व्हायला एकशेदहा टीबीच्या आसपास डेटा लागतो. तुमचा आहे ४२. डिस्क एकदा बदलायची वेळ आली की हा आकडा निम्म्यावर येतो हे खरं, पण तोपर्यंत पाच लाख अडकून पडलेले असणार.

आणखी एक अडचण आहे, ती विकणारा माणूस आपण होऊन सांगत नाही. नवा ड्राईव्ह जुन्या सगळ्या टेप वाचत नाही. एलटीओ-८ चा ड्राईव्ह ७ आणि ८ वाचतो, ९ चा ड्राईव्ह ८ आणि ९ वाचतो, आणि २०२५ मध्ये आलेला १० चा ड्राईव्ह फक्त १० च्याच टेप घेतो. म्हणजे फीत तीस वर्षं टिकली तरी ती वाचणारा ड्राईव्ह तीस वर्षांनी चालू स्थितीत मिळेल याची खात्री कोण देणार? आठ-दहा वर्षांनी एकदा नव्या पिढीवर कॉपी करायची हे टेपलाही चुकलेलं नाही. फीत बनवणाऱ्या कंपन्याही आता दोनच उरल्यात, फुजीफिल्म आणि सोनी. २०१९ मध्ये त्यांचा आपसात पेटंटचा वाद चालू होता तेव्हा एलटीओ-८ च्या डब्या बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या.

मग टेप सोडायची का? नाही. आपल्याकडं ऊस प्रत्येकाचा असतो पण गुऱ्हाळ काही प्रत्येकाच्या रानात नसतं, गावात एक असतं, ज्याची पाळी आली त्यानं आपला ऊस न्यायचा, गाळायचा आणि आपल्या गुळाच्या ढेपा घरी आणायच्या. ड्राईव्हचं तसंच करा. राजारामपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोड एवढ्यातच तुमच्यासारखे जुने स्टुडिओवाले पाच-सहा तरी सहज निघतील आणि सगळ्यांच्या कपाटात हेच दुखणं आहे. सहा जणांत ड्राईव्ह घेतला तर माणशी ऐंशी-पंच्याऐंशी हजार, वर स्वतःच्या डब्या साठ हजारांच्या, दीड लाखाच्या आत दोन कॉप्या झाल्या. लिहिण्याचं काम वर्षातून दोन-तीन दिवसांचं, बाकी ड्राईव्ह झाकूनच राहणार. कुणी एकानं सांभाळायचा, लिहून-सवरून, भागीदारीचा कागद करून. हे जमत नसेल तर मुंबईत सिनेमा-सीरियलचं काम करणारे लोक पैसे घेऊन टेपवर लिहून देतात, त्यांचं कोटेशन मागवून बघा.

एक व्यवहारातली गोष्ट, ड्राईव्ह घेतलात तर उपयोगी पडेल. छोट्या आकाराचा एलटीओ-९ ड्राईव्ह सेकंदाला ३०० एमबी लिहितो आणि त्याला तेवढ्याच वेगानं माल पुरवावा लागतो. तुमच्या जुन्या यूएसबी डिस्क देणार शंभर-सव्वाशे. ड्राईव्ह थोडा हळू होऊन जुळवून घेतो, पण एका मर्यादेखाली नाही, मग तो फीत थांबवतो, मागं नेतो, पुन्हा पुढं आणतो, परत थांबतो, खर्र-खट खर्र-खट असं चालू राहतं आणि त्यात फीत आणि हेड दोन्ही झिजतात. म्हणून जुन्या डिस्कवरचं आधी एका वेगवान एसएसडीवर, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या चिपांच्या डिस्कवर घ्यायचं आणि तिथून टेपला द्यायचं. नवी कोरी एलटीओ-९ डबी पहिल्यांदा घातली की ती स्वतःला जुळवून घ्यायला कधीकधी दोन तासही घेते, त्यावेळी घाबरून बटण दाबू नका.

आता मुलाचं क्लाउड. अ‍ॅमेझॉनचा डीप आर्काइव्ह म्हणून प्रकार आहे, २०१९ पासून, खास न हलवता ठेवायच्या डेटासाठी. अमेरिकेतला दर महिन्याला टीबीमागे साधारण एक डॉलर. तुमच्या ४२ टीबीला ४२ डॉलर, जीएसटी धरून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास, वर्षाला पन्नास-पंचावन्न हजार, वीस वर्षांत दहा-अकरा लाख, तेही डॉलर आहे तिथंच राहिला तर. एक खरं, की तिथं ते स्वतःच तीन वेगळ्या जागी कॉप्या ठेवतात आणि डिस्क बदलायची कटकट त्यांची, म्हणजे हा दर एका कॉपीचा नाही. पण डेटा परत मागितला की मिळायला अर्धा ते दोन दिवस लागतात, आणि बाहेर काढायचे पैसे वेगळे, जीबीमागे ९ सेंट, पुढं जरा कमी. सगळा ४२ टीबी एकदा घरी आणायचा म्हटलं तर तीन लाखांच्या वर बिल येतं. आत टाकताना फुकट आणि बाहेर काढताना तीन लाख, हे सही करायच्या आधी कळलेलं बरं. कायमचं सोडून जाणाऱ्यांना अर्ज केल्यावर ही फी माफ करायची सोय २०२४ पासून आहे, पण अडचणीच्या दिवशी माणूस अर्ज करत बसत नाही. आणि चढवायचं कसं? १०० एमबीपीएसच्या लाईनवर ४२ टीबी जायला ३९ दिवस लागतात, रात्रंदिवस, एकदाही लाईट न जाता.

तर माझं मत असं. आधी छाटणी करा, लग्नाच्या रेंडर फाईलच्या, म्हणजे तयार व्हिडिओच्या चार-चार कॉप्या आणि ग्राहकाला देऊन झालेले जुने कच्चे शॉट ठेवायची गरज नाही, त्यात किती टीबी सुटतील ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मग जे राहील त्याची एक कॉपी दोन नव्या मोठ्या डिस्कवर, दुसरी टेपवर भागीदारीतनं. आणि खासबागेतलं, जोतिबाचं, ज्याला पुन्हा कधी शूट करता येणार नाही असं दोन टीबी निवडून तेवढंच क्लाउडवर, त्याला महिन्याला दोन-अडीचशे रुपये लागतात. फोटोवाल्या लोकांत तीन-दोन-एक असा नियम चालतो, पीटर क्रोग या फोटोग्राफरनं तो लोकांपर्यंत पोचवला, तीन कॉप्या, दोन प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर. यातलं "घराबाहेर" लोक सगळ्यात शेवटी करतात आणि मीही तेच केलं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं दुकान शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला होतं, तळमजल्यावर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या पुढं गेली. माझ्याकडं दोन कॉप्या होत्या, नियमानं दोन. एक टेबलाखालच्या कप्प्यात आणि एक शेजारच्या कपाटात खालच्या फळीवर. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा डिस्कच्या डब्यात चिखलाचा राडा भरलेला होता, वरून पुसल्यावर डिस्क अगदी नव्यासारख्या दिसत होत्या. साध्या हार्डडिस्कला हवा जायला एक टाचणीएवढं छिद्र असतं, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे झाकू नका, त्या छिद्रातनं पाणी आत गेलेलं. एक डिस्क मी नंतर उघडून बघितली, आतली तबकडी आरशासारखी असते, तिच्यावर राखाडी गाळाचं वर्तुळ उमटलेलं होतं, ताटात आमटी वाळल्यावर कडेला राहतं तसं. एका कुटुंबाच्या आजीचा शेवटचा व्हिडिओ त्यावर होता आणि तो मला परत देता आला नाही. त्या लोकांनी मला काही बोल लावला नाही, पण मला ते विसरता येत नाही.

म्हणून एक डबा गावाबाहेर ठेवा. गडहिंग्लजला पाहुणे असतील, पन्हाळ्यावर कुणी असेल, त्यांच्याकडं, फक्त पत्र्याखालच्या माळ्यावर नको. टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडं जुलैत घराच्या भिंती पाझरतात तेव्हा एवढी कोरडी हवा मिळणार कुठून, तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि तीन-चारशेचा आर्द्रता दाखवणारा काटा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात, रंगाच्या असतील तर तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, ड्रोननं उसाच्या प्लॉटचे फोटो काढायचा आमचा प्रोजेक्ट आहे, ६ टीबी डेटा जमलाय. एसएसडीत हलणारं काही नसतं म्हणून ती जास्त टिकणार ना? एसएसडीवर टाकून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा विचार आहे. — एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : नको रे. एसएसडीत डेटा म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत अडवलेला विजेचा भार, वीज न देता ठेवली की तो हळूहळू गळतो. चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात साध्या एसएसडीकडनं अपेक्षाच एवढी आहे की तिचं ठरलेलं लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर ३० अंशाला बिनविजेची एक वर्ष डेटा धरून ठेवावा, आणि सर्व्हरवाल्या एसएसडीनं ४० अंशाला तीन महिने. नवीकोरी एसएसडी याच्या कितीतरी जास्त काळ धरते हे मान्य, पण लॉकरमध्ये टाकून चार-पाच वर्षं विसरायची वस्तू ती नव्हे, आणि टीबीमागे डिस्कपेक्षा दुपटीच्या वर महाग. सहा टीबीला ८ टीबीच्या दोन हार्डडिस्क घे, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हींत यायचा नाही. एक कॉलेजात, एक घरी. टेप-बिपच्या नादाला एवढ्याशा डेटासाठी लागू नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या वाड्यात मोडी कागदांचे अकरा रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले, जमिनीचे, देण्याघेण्याचे, काही पत्रं. नातवानं सगळ्याचे फोटो काढले, ४१०० आहेत, २६० जीबी झाले. आता मूळ कागद ठेवायचे की नाहीत असा घरात विषय चाललाय, कसर लागतेय. आणि फोटोंसाठी हजार वर्षं टिकणारी डिस्क मिळते म्हणे? — भुदरगड तालुका

उत्तर : गुरुजी, हात जोडून सांगतो, कागद टाकू देऊ नका. दोनशे वर्षं ते टिकले ते वीज, ड्राईव्ह, सॉफ्टवेअर यातलं काहीही न लागता. इंग्लंडात १०८६ साली तिथल्या राजानं गावोगावची जमीन-जनावरं मोजून डोम्सडे बुक लिहवून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं तसाच नवा संग्रह करून लेझरडिस्कवर घातला. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि तज्ज्ञ लोक बसवून तो डेटा सोडवून घ्यावा लागला. १०८६ चं चामड्यावर लिहिलेलं पुस्तक मात्र अजून वाचता येतं.

कोल्हापुरात शासनाचं पुरालेखागार आहे, तिथं जाऊन रुमाल कसे बांधतात, कसर लागलेल्या कागदाला काय करतात ते विचारून या. कसर लागल्याची शंका असली तरी कागद उन्हात मात्र घालू नका.

फोटोंचं काम सोपं आहे. २६० जीबी हा मोठा डेटा नाहीच, एक टीबीच्या दोन डिस्क, दोन घरांत, हजारांतला खर्च, लाखांतला नाही. तुम्ही म्हणता ती एम-डिस्क, तिच्यावर लिहायचा थर रंगाचा नसून खनिजासारखा असतो म्हणून ती खूप काळ टिकते असं कंपनी सांगते. १०० जीबीच्या तीन लागतील. टीबीचा हिशेब केला तर हार्डडिस्कच्या चार-पाच पट महाग, पण तुमच्या तीन डिस्कांना काही फार नाही, तिसरी कॉपी म्हणून जरूर करा. फक्त तिच्यावर एकटीवर विसंबू नका, कारण लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क पॅनासॉनिकनं २०२३ मध्ये बंद केल्या, सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये. डिस्क हजार वर्षं राहील हो, ती वाचणारा ड्राईव्ह नातवाच्या मुलाला मिळायला पाहिजे. आणि नातवाला म्हणावं फोटोंची नावं बदल, डीएससी शून्य-शून्य-बारा असं नको, रुमाल ३ कागद १७ असं दे. नावात माहिती असली की पन्नास वर्षांनी कुणालाही कळतं.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत १६ कॅमेरे आहेत. सगळं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग कायमचं ठेवायला कोणता पर्याय स्वस्त? — शिरोली एमआयडीसी

उत्तर : ताई, न ठेवणं. महिना-दीड महिन्याचं रेकॉर्डरवर फिरतं राहू द्या, वरचेवर पुसलं जाऊ द्या. अपघात, चोरी, भांडण असं काही झालं तर तेवढा तुकडा त्याच दिवशी वेगळा काढून दोन ठिकाणी ठेवा. वकिलांनी किंवा विमेवाल्यांनी जास्त मुदत सांगितली असेल तर ती पाळा, बाकीच्यावर खर्च करू नका.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही वर्षातून एकदा डिस्क जोडून बघा म्हणालात. मी जोडली, पाच-सहा फाईल उघडल्या, चालल्या. एवढं पुरे ना? — मंगळवार पेठ

उत्तर : तुम्ही केलंत तेवढंही लोक करत नाहीत, पण पुरे नाही, आणि मी गेल्या वेळी हे अर्धवट सांगितलं ती माझी चूक. माझ्याकडं एका हळदीचा व्हिडिओ होता, उघडला की छान चालायचा, सनई, भंडारा, सगळं. तीन वर्षांनी त्यांच्या घरच्यांनी पूर्ण बघितला तेव्हा एकेचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे चौकोन आले आणि पुढची दोन मिनिटं गेली ती गेली. दुसरी कॉपी काढून बघितली, तिच्यातही तेच. ज्या कॉम्प्युटरवर कॉपी केली त्याची रॅमच खराब होती, त्यामुळं दोन्ही कॉप्या जन्मापासूनच बिघडलेल्या, आणि मूळ कार्ड पुसून टाकलेलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हे.

याला उपाय चेकसम. शूटिंगचं कार्ड पुसायच्या आधी प्रत्येक फाईलची एक खूण काढायची, एसएचए-२५६ म्हणून पद्धत आहे, ती कितीही मोठ्या फाईलची ६४ अक्षरांची एक ओळ करून देते. फाईलमधला एक ठिपका जरी बदलला तरी सगळी ओळ वेगळी येते. कॉपी केल्यावर पुन्हा काढायची आणि जुळवायची. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीच असते, लिनक्सला त्यासाठी वेगळी आज्ञा असते, फुकट सॉफ्टवेअर तर ढीगभर आहेत, एकदा फोल्डर दाखवला की सगळ्यांची यादी करून देतात. खर्च शून्य, फक्त वेळ लागतो, राजारामपुरीच्या स्टुडिओवाल्यांसारखा ४२ टीबी असेल तर अडीच दिवस मशीन चालू ठेवावी लागते.

मी हे मे महिन्यात करतो. पावसाच्या आधी घराची कौलं चाळतात ना, फुटकं कौल काढून तिथं चांगलं बसवतात, त्याच दिवसांत. यादीशी जुळलं नाही ते फुटकं कौल, दुसऱ्या कॉपीतनं ती फाईल आणून बसवायची. दोन कॉप्या असल्याचा उपयोग तेव्हा होतो, आणि यादी असल्याशिवाय दोघींतली बरोबर कोणती हे कळायला मार्गच नसतो. यादीची फाईल डिस्कवर ठेवाच, शिवाय फाईलची नावं आणि तारखा एवढं कागदावर छापून दोन्ही डब्यांत एकेक घडी घालून ठेवा, म्हणजे डिस्क न जोडताही आत काय आहे ते घरातल्या कुणालाही वाचता येतं.